विश्लेषण : मत मागायला येणाऱ्याचा विश्वास नेमका कोणत्या औषधावर?

धावड्याच्या शिवारात कापूस वेचताना एखाद्या बाईच्या पायाला साप चावतो. साप सळसळत गेलेला दिसला, पण कोणता ते कळलं नाही. आता घरातलं कुणी म्हणेल मारुतीच्या देवळात न्या, कुणी शेजारच्या गावातल्या मांत्रिकाचं नाव घेईल, कुणी मुकाट्याने मोटारसायकल बाहेर काढेल. हा निर्णय पाच-दहा मिनिटांत होतो. मोटारसायकलवाल्याचं ऐकलं गेलं तरी पुढचा प्रश्न उरतोच. जिथे पोहोचू तिथे डॉक्टर असेल का, आणि सापाची लस असेल का?

या दोन्ही गोष्टींचा संबंध आपण निवडून दिलेल्या माणसांशी आहे. औषधाबद्दल ते काय बोलतात, यातून गावाची समजूत बनते. ते काय करतात, यावर दवाखान्यातलं कपाट भरतं किंवा रिकामं राहतं. तरीही प्रचारात हा विषय निघत नाही. जालना जिल्ह्यात २०२४ च्या दोन्ही निवडणुका आरक्षणावर आणि सोयाबीन-कापसाच्या भावावर लढल्या गेल्या. ते साहजिकच होतं. पण कोविडच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री असलेले राजेश टोपे याच जिल्ह्यातल्या घनसावंगीतून उभे होते आणि पराभूत झाले, तेव्हाही दवाखाना हा काही मोठा मुद्दा नव्हता.

नेते काय काय बोलून गेले?

कोविडने सगळ्यांचीच परीक्षा घेतली. तेव्हाचे केंद्रीय आयुष राज्यमंत्री आणि उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक यांनी एप्रिल २०२० मध्ये सांगितलं, की ब्रिटनचे प्रिन्स चार्ल्स आयुर्वेद आणि होमिओपॅथीने बरे झाले. चार्ल्स यांच्या कार्यालयाने ते लगेच फेटाळलं. ऑगस्ट २०२० मध्ये संजय राऊत म्हणाले, की डॉक्टरपेक्षा कंपाउंडरला जास्त कळतं. निवासी डॉक्टर संतापले, मग तो विनोद होता असा खुलासा आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत पतंजलीच्या ‘कोरोनिल’चा कार्यक्रम झाला, तेव्हा व्यासपीठावर केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन आणि नितीन गडकरी होते. हर्षवर्धन तर स्वतः डॉक्टर. आपण कोणत्याही पारंपरिक औषधाला प्रमाणपत्र दिलेलं नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर करावं लागलं. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मात्र योग्य प्रमाणपत्राशिवाय कोरोनिल महाराष्ट्रात विकू देणार नाही, अशी भूमिका घेतली.

आणि हे फक्त काढा-गोळ्यांपुरतं नाही. मे २०२१ मध्ये गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. ते ॲलोपॅथीचंच औषध, जंतांवरचं. कोविडवर ते चालतं याचा धड पुरावा नव्हता आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला नेमका उलट होता. म्हणजे प्रश्न ‘देशी की विलायती’ हा नाहीच. पुरावा मागायची सवय आहे की नाही, एवढाच तो आहे. आणि ती नसणारे सगळ्या पक्षांत सापडतात.

नेता चार शब्द चुकीचे बोलला तर काय एवढं, असं वाटू शकतं. दक्षिण आफ्रिकेत थाबो म्बेकी राष्ट्राध्यक्ष असताना एचआयव्हीमुळेच एड्स होतो यावर शंका घेतली गेली आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबू खायला सांगत राहिल्या. औषधं उशिरा पोहोचली. त्या काही वर्षांत तीन लाखांहून अधिक माणसं टाळता येण्यासारख्या कारणाने गेली, असा हार्वर्डच्या संशोधकांचा अंदाज आहे.

गावाच्या पैशातून गोळ्या?

आपल्याकडे या प्रकाराची झळ थेट ग्रामपंचायतीपर्यंत आली होती. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ ही होमिओपॅथीची गोळी प्रतिबंधासाठी सुचवली. पुढे राज्याचे तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागातल्या पाच कोटी लोकांना ती मोफत वाटण्याचं जाहीर केलं. पैसे कुठून, तर वित्त आयोगाच्या निधीवरच्या व्याजातून. शहरांमध्ये नगरसेवक आणि इच्छुकांनी स्वतःचे फोटो छापलेल्या डब्या घरोघर पोहोचवल्या.

त्या ‘३०’ चा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. मूळ पदार्थाचा एक भाग घेऊन ९९ भाग द्रावणात मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा ९९ भागांत, असं तीस वेळा. रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता संपत येते. म्हणून ती गोळी अपाय करत नाही. उपाय करते का, याचा पुरावा वाटप करणाऱ्यांपैकी कुणी दाखवला नाही. लोकांनी ती घेतली, बहुतेकांना काही झालं नाही, आणि श्रेय डबीवरच्या फोटोला मिळालं.

पण लोकांना गुण येतो, त्याचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. कारण नेते दर वेळी खोटंच बोलतात असं नाही, पुष्कळदा त्यांनी ‘गुण आलेला’ डोळ्यांनी पाहिलेला असतो. गंमत अशी, की आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेली बरीच माणसं चालत घरी येतात. ती मंत्राशिवायही आलीच असती. काविळीचं तसंच. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत होतं. ज्याला घोणस किंवा मण्यार चावला तो परत येत नाही, आणि त्याची गोष्ट सांगायलाही कुणी पारावर बसत नाही.

म्हणून मोजावं लागतं. मोजणं म्हणजे काय, हे भोकरदन तालुक्याला बाहेरून शिकायची गरज नाही. याच तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती. लोक मांत्रिकाकडे जात होते आणि पुस्तकातल्या उपचारांनीही फार फरक पडत नव्हता. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसले. घाम, नाडी, रक्तदाब, फुप्फुसात साचणारं पाणी, सगळं तासातासाला लिहून ठेवलं. मग रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध देऊन पाहिलं आणि पुन्हा मोजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्यापर्यंत आलं. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांनी त्यांचं लिखाण छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. एका सरकारी आरोग्य केंद्रातलं, वहीत नोंदी करून उभं राहिलेलं हे काम आहे.

आयुर्वेदातल्या औषधालाही याच परीक्षेतून जाता येतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. सर्पगंधेतलं रेझर्पिन पुढे जगभर वापरलं गेलं. आयुर्वेदाचा अभिमान असणाऱ्या उमेदवाराने सभेत ही गोष्ट सांगायला हवी. सांगताना मात्र कुणी दिसत नाही, कारण ती सांगितली की बाकीच्या औषधांचीही तपासणी मागावी लागते.

होमिओपॅथी डॉक्टरांचा वाद काय आहे?

२०१४ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे ‘सीसीएमपी’, पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट मोकळी केली. इंडियन मेडिकल असोसिएशन उच्च न्यायालयात गेली. २०२५ मध्ये या डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंदणी करण्याचा आदेश निघाला, जुलैत विरोध होताच थांबला, होमिओपॅथी डॉक्टर आझाद मैदानात उपोषणाला बसले, सप्टेंबरमध्ये पुन्हा आदेश निघाला आणि १८ सप्टेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यभर संप केला.

आदेश, माघार, पुन्हा आदेश. सरकारला रुग्णाचं हित कुठे आहे हे ठरवता येत नव्हतं असं म्हणण्यापेक्षा, दोन्ही बाजूंची मतं मोजली जात होती असं म्हणणं जास्त खरं ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मुंबईतल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं होतं, की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीचं औषध देणं हा निष्काळजीपणा आहे. त्या प्रकरणात रुग्णाचा मृत्यू झाला होता.

माझं मत विचाराल तर एक वर्षाच्या अभ्यासक्रमाने साडेपाच वर्षांची उणीव भरून निघत नाही. पण हे मत शहरात बसून देणं सोपं आहे, हेही मान्य करायला हवं. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बुलढाण्याच्या सीमेजवळच्या गावांत रात्री दोनला दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा बीएचएमएस किंवा बीएएमएसच असतो. १०८ च्या रुग्णवाहिकेतही अनेकदा बीएएमएस डॉक्टर असतात, आणि शासनाच्याच आदेशाने त्यांना काही आधुनिक औषधं वापरण्याची मुभा आहे. एमबीबीएस डॉक्टर गावात टिकत नाही, पदं भरली जात नाहीत, राहायला धड घर मिळत नाही. तो खर्च आणि ती डोकेदुखी टाळायची, तर कागदावर दुसऱ्या कुणाला परवानगी देणं राजकारण्याला स्वस्त पडतं. जालन्यात २०२४ मध्ये १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही चांगलीच गोष्ट आहे. तिथून बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जण धावड्याच्या वाटेला येतील, हे मात्र महाविद्यालय ठरवणार नाही.

कायदा आहे का?

आहे, एक सोडून दोन. १९५४ चा औषधे व जादूई उपचार कायदा ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी घालतो. पतंजलीच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रामदेव आणि बाळकृष्ण यांना जाहीर माफी मागायला लावली. पण सभेतल्या भाषणाला सहसा कुणी जाहिरात म्हणत नाही.

दुसरा आपला, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं विधिमंडळाच्या दारात उभे राहिले. मतं जातील या धास्तीने एकामागून एक सरकारं चालढकल करत राहिली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि चारच दिवसांत अध्यादेश निघाला.

मग उमेदवाराला काय विचारायचं?

‘तुमचा आयुर्वेदावर विश्वास आहे का’ हे विचारून काही हाती लागत नाही. सगळेच हो म्हणतील. त्यापेक्षा, तुमच्या छातीत दुखलं तेव्हा तुम्ही कुठे गेलात, हे विचारा. कोरोना पळवून लावण्याची घोषणा देणारे केंद्रीय मंत्री रामदास आठवले ऑक्टोबर २०२० मध्ये बाधित झाले, तेव्हा मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात दाखल झाले. योग्यच केलं. कुठल्याही नेत्याने आजारपणात चांगल्या रुग्णालयात जाण्यात गैर काही नाही. ज्याला तेवढं लांब जाता येत नाही त्याला मात्र मोफत नाडी परीक्षण शिबिरावर भागवायला सांगितलं जातं, तक्रार तिथे आहे.

दुसरा प्रश्न कपाटाचा. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो. केंद्राने मार्च २०२४ मध्ये त्यावर राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचं उद्दिष्ट ठेवलं. उपचार गूढ नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. विषबाधेची लक्षणं असतील तर पहिलाच डोस साधारण दहा कुप्यांचा लागतो. म्हणजे केंद्रात चार कुप्या असतील, तर कागदावर ‘लस उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात एकाही रुग्णाचा पहिला डोस पूर्ण होत नाही. मग पुढे भोकरदन, बुलढाणा नाहीतर छत्रपती संभाजीनगर, आणि वाटेत जाणारा वेळ.

प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या ताब्यात असतात. २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचं अध्यक्षपद त्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याकडे असतं. म्हणजे दारात हात जोडून उभा असलेला माणूस उद्या त्या कपाटाबद्दल विचारण्याचा हक्क असलेला माणूस होणार आहे. त्याला पावसाळ्याआधीच विचारा, आपल्या केंद्रात आज किती कुप्या आहेत आणि रात्रपाळीला कोण असतं. माहीत नसेल तर तिथेच फोन लावायला सांगा. वैद्यकीय अधिकाऱ्याचा नंबर त्याच्या कार्यकर्त्याकडे असतोच.