हिरवळीवरचं धुणं

सुरुवातीलाच कबूल करतो, मी गोल्फ खेळत नाही. येरवड्याचा गोल्फ कोर्स मी पाहिलाय तो कुंपणाबाहेरून, स्कूटरवरून जाताना. टीव्हीवर मात्र गेली कित्येक वर्षं रात्री जागून बघतो. घरचे म्हणतात, "त्या गवताकडे काय बघत बसतोस?" आता काय सांगणार! या खेळात नियम मोडला गेला, तर खेळाडू स्वतःहून सांगतो आणि स्वतःवर दंड लावून घेतो. कोणी बघितलं नसलं तरी. दिवसभर हापिसात "माझ्या मशीनवर चालतंय" ऐकून आलेल्या माणसाला याचं फार कौतुक वाटतं हो.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत जे झालं त्याचा इतका राग येतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २०२२ मधे लंडनजवळ लिव्ह गोल्फची पहिली स्पर्धा झाली. बक्षिसांची एकूण रक्कम अडीच कोटी डॉलर. वैयक्तिक विजेत्या चार्ल श्वार्टझलला ४० लाख, आणि शेवटच्या नंबरालासुद्धा १ लाख २० हजार! पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा, म्हणजे पीआयएफचा. त्याचे अध्यक्ष युवराज मोहम्मद बिन सलमान. तेच, ज्यांनी पत्रकार जमाल खशोगीला पकडण्याच्या किंवा ठार मारण्याच्या कारवाईला मंजुरी दिली, असा निष्कर्ष अमेरिकी गुप्तचर खात्याच्या फेब्रुवारी २०२१ मधे जाहीर झालेल्या अहवालात आहे. (सौदी सरकारने तो फेटाळला, हेही नोंदवतो.) लंडनच्या स्पर्धेच्या तीनच महिने आधी, १२ मार्च २०२२ ला, त्या देशाने एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड दिल्याचं जाहीर केलं होतं.

खेळाडूंना हे माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. फिल मिकलसनने एका लेखकाशी बोलताना, ही माणसं भयानक आहेत, त्यांनी खशोगीला मारलं, असं शिवी हासडून सांगितलं होतं. मग गेलाच की तो! लिव्हचा तेव्हाचा प्रमुख ग्रेग नॉर्मन तर खशोगीच्या प्रश्नावर म्हणाला की चुका सगळ्यांच्याच होतात. चूक? बाबा रे, चूक म्हणजे सेमीकोलन विसरणं. वाणिज्य दूतावासात कागद आणायला गेलेला माणूस जिवंत बाहेर न येणं ही चूक नव्हे.

पण माझा खरा राग यांच्यावर नाही. पैसे दिसले, गेले. निदान सरळ आहे. खरा राग आहे तो नीतीचं व्याख्यान देणाऱ्यांवर. त्याच जून २०२२ मधे पीजीए टूरचे आयुक्त जे मोनाहन यांनी टीव्हीवर ९/११ मधे माणसं गमावलेल्या कुटुंबांची आठवण काढली. पीजीए टूरचा सदस्य असल्याबद्दल तुम्हाला कधी माफी मागावी लागली आहे का, असं खेळाडूंना विचारलं. टाळ्या! अनेक खेळाडूंनी प्रचंड रकमा नाकारल्या. आणि बरोबर वर्षाने, ६ जून २०२३ ला, हेच मोनाहन पीआयएफचे प्रमुख यासिर अल-रुमय्यान यांच्या शेजारी बसून हातमिळवणी जाहीर करत होते. बहुतेक खेळाडूंना ही बातमी इतरांसारखीच तेव्हाच कळली. लोक मला ढोंगी म्हणतील, हे मोनाहन स्वतःच म्हणाले. लोकांनी म्हटलंच!

त्या कराराला ठरलेली ३१ डिसेंबर २०२३ ची मुदत अंतिम सह्यांशिवाय उलटून गेली. पण त्याने काय फरक पडतो? ९/११ च्या कुटुंबांचं दुःख वाटाघाटीत वापरायची चीज आहे, हे एकदा दिसलं ते दिसलं. युरोपियन टूरचं तर बोलायलाच नको. खशोगीची हत्या २ ऑक्टोबर २०१८ ची, आणि फेब्रुवारी २०१९ मधे यांची सौदीतली पहिली स्पर्धा थाटात पार पडली. तेव्हा नीती कुठे सुट्टीवर गेली होती?

आता तुम्ही म्हणाल, "तू कोण मोठा लागून गेलास? तुझ्या खिशात जिओचं सिम आहे." अगदी मान्य. २०२० मधे याच पीआयएफने जिओ प्लॅटफॉर्म्समधे ११,३६७ कोटी रुपये घातले. उबरमधे २०१६ मधे साडेतीन अब्ज डॉलर. सॉफ्टबँकेच्या ज्या व्हिजन फंडाने आपल्याकडच्या स्टार्टअपवर पैशांचा पाऊस पाडला, त्यात ४५ अब्ज डॉलर यांचेच होते. आणि त्या पावसात अस्मादिकही भिजलेत. २०१८ च्या दिवाळीच्या सुमारास अशाच एका स्टार्टअपचं ऑफर लेटर माझ्या हातात होतं. इस्तंबूलच्या बातम्या रोज वाचत होतो. पैसा कुठून येतो हेही ठाऊक होतं. गृहकर्जाचा हप्ता आठवला आणि सही केली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग फरक काही उरतो का? मला वाटतं उरतो. जिओतले पैसे परताव्यासाठी आहेत. लिव्हचा हिशोब बघा. २०२४ या एका वर्षात नुसत्या अमेरिकेबाहेरच्या व्यवसायात ४६ कोटी डॉलरच्या आसपास तोटा! आम्ही स्टार्टअपवाले तोट्याला भीत नाही, पण आमचा तोटाही उद्याच्या नफ्याच्या आशेवर असतो. इथे विकत घेतली जाते ती खेळाडूची ओळख. सौदी म्हटलं की वाणिज्य दूतावासाऐवजी हिरवळ आठवावी, एवढंच. हा माझा आरोप नाही. २०२३ मधे बिन सलमान स्वतःच मुलाखतीत म्हणाले की स्पोर्ट्सवॉशिंगने उत्पन्न एक टक्का वाढणार असेल तर ते मी करत राहीन. धुणारा सांगतोय धुतोय म्हणून, आणि आपले शहाणे म्हणतात खेळात राजकारण आणू नका!

माझी कसोटी साधी आहे. पैसे घेतल्यावर कोणता प्रश्न विचारायचा आपण बंद होतो? मी कोड विकला, तोंड विकलं नव्हतं, असं मला म्हणायचंय. पण मग सात वर्षं गप्प का होतो? म्हणजे थोडं तोंडही विकलं होतंच. आज हे लिहितोय ते तेवढ्यासाठीच.

गोल्फमधे फेरी संपली की खेळाडू आपल्या स्कोअरकार्डवर सही करतो. खऱ्यापेक्षा कमी फटके लिहून सही केलीत तर थेट बाद. टूरच्या साहेबांनो, खेळाडूंनो, घ्या पैसे. पण आकडा खरा लिहा: इतके घेतले, यांच्याकडून घेतले, आणि त्या बदल्यात या विषयावर गप्प बसलो. मग सही करा.

मी माझी केली. चहा पार गार झाला.