लोहमार्गाचे मोल

एखादा मार्ग तयार झाला, की त्याला खर्च किती आला हे लोक सहज विचारतात. तो खर्च कोणी सोसला, लाभ कोणाच्या पदरी पडला आणि तेवढ्याच पैशात दुसरे कोणते काम झाले असते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. स्वतंत्र देशात हे प्रश्न विचारण्यास विधिमंडळ असते, मतदार असतो. पराधीन देशात खर्च ठरविणारा एक आणि पैसा भरणारा दुसरा असतो. अशा देशातील मार्गांचा हिशेब कसा मांडावा, हे इंग्रजी अमदानीतील हिंदुस्थानच्या लोहमार्गांवरून चांगले समजते.

मार्गांची गरज खरी होती, यात शंका नाही. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. त्यानंतरही वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून आठवडेच्या आठवडे वाट चालत असे आणि पावसाने गाठले तर वाटेतच भिजून नासत असे. म्हणून मुंबईत लोहमार्ग व्हावा यासाठी इंग्रज व्यापाऱ्यांबरोबर नाना शंकरशेट यांच्यासारखे या भूमीतील धुरीणही झटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत, सुमारे २१ मैल, पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा लोकांना वाटलेले कौतुक अगदी स्वाभाविक होते.

परंतु या कौतुकामागे एक करार होता. लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्या विलायतेतील, भांडवलही बहुतांशी तिकडचेच. त्या भांडवलावर सामान्यतः पाच टक्के व्याज मिळेल, अशी हमी सरकारने दिली आणि जमीनही फुकट दिली. उत्पन्न कमी पडले, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरून काढावयाची. या तिजोरीत सर्वांत मोठी भर शेतसाऱ्याची असे. म्हणजे नफा भागीदाराचा आणि जोखीम शेतकऱ्याची, अशी ही विभागणी होती. ज्याने जोखीम उचलली, त्याला करार करताना कोणी विचारले नव्हते.

ज्याला तोट्याचे भय नाही, त्याचा हात खर्च करताना आखडत नाही. प्रारंभी मैलामागे सुमारे ८,००० पौंड लागतील असा अंदाज होता. पुढे सरासरी खर्च सुमारे १८,००० पौंडांवर गेला. सरकारी देखरेख होती, पण ती हा ओघ थोपवू शकली नाही. हिंदुस्थान सरकारचे माजी वित्तसदस्य विल्यम मॅसी यांनीच १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे याची कबुली दिली. व्याजाची खात्री असलेल्या भांडवलदाराला आपला पैसा हुगळीच्या पाण्यात गेला काय किंवा विटाचुन्यात गेला काय, सारखेच होते, अशा आशयाची ती साक्ष होती. हमीवाचून भांडवल आलेच नसते, असे त्या पद्धतीचे समर्थक म्हणत. ते खरे मानले, तरी हमीबरोबर खर्चाला लगाम का घातला नाही, हा प्रश्न उरतोच.

पैशाखेरीज आणखीही एक मोल द्यावे लागले. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरे झाले. कठीण कातळ फोडून पंचवीस बोगदे खोदले गेले. एके काळी तेथे चाळीस हजारांवर माणसे राबत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. सुरुंगांनी, कडे कोसळून आणि त्याहूनही अधिक पटकीने व तापाने हजारो मजूर मृत्युमुखी पडले. अभियंत्यांची नावे इतिहासात राहिली. या मजुरांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

तरीही केवळ दोष दाखवून थांबणे न्यायाचे होणार नाही. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळात धान्य पोहोचविण्यास चांगले रस्ते नव्हते, लोहमार्ग नव्हता आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. मार्ग नसण्याचेही मोल असते आणि ते किती भयंकर असू शकते, हे या दुष्काळाने दाखविले. पुढे लोहमार्गांनी बाजार जोडले, यात्रेकरूंची पायपीट वाचविली आणि दूरदूरच्या प्रांतांतील माणसे एकत्र आणली. १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभा भरली, तिचे अनेक प्रतिनिधी आगगाडीनेच आले होते. राज्यकर्त्यांनी सैन्य आणि माल यांसाठी घातलेल्या रुळांवरून राष्ट्रभावनाही प्रवास करू लागली.

मात्र रूळ धान्य आणतात, ते विकत घेण्याची ऐपत आणीत नाहीत. १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या दुष्काळात अनेक ठिकाणी गाडीने धान्य आले. पण शेते करपल्यामुळे ज्यांची मजुरी बुडाली, त्यांच्या हाती दाम नव्हता. त्याच काळात देशातून गव्हाची निर्यात चालूच होती. शेताला पाणी मिळाले असते, तर पीक आणि मजुरी दोन्ही वाचली असती. सर आर्थर कॉटन यांच्यासारखे अभियंते लोहमार्गांआधी कालव्यांना पैसा द्या, असे सांगत होते. रमेशचंद्र दत्त यांनी पुढे दाखवून दिले, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोहमार्गांवर सुमारे साडेबावीस कोटी पौंड खर्च झाले, तर पाटबंधाऱ्यांवर त्याचा जेमतेम नववा हिस्सा. नामदार गोखले यांनीही विधिमंडळात, शिलकी रकमा रुळांत घालण्याऐवजी शिक्षण व आरोग्य यांकडे वळवाव्यात, असा आग्रह धरला.

या सर्वांचा हिशेब एकत्र केला, म्हणजे निर्णय स्पष्ट होतो. लोहमार्ग देशाला हवेच होते. दोष होता तो ते बांधण्याच्या रीतीत. काम कोणते आधी, कोणते मागाहून आणि किती खर्चाचे, हे ठरविण्याचा अधिकार पैसा भरणाऱ्याला नव्हता. आज तो अधिकार नागरिकांच्या हाती आहे. म्हणून नवा महामार्ग किंवा नवा लोहमार्ग आखला जाईल, तेव्हा त्याच्या लांबीबरोबरच आणखी काही मोजले पाहिजे. जमीन कोणाची गेली, घाम कोणाचा गळला, आणि त्या मार्गाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या घरी त्यामुळे काय आले? ही उत्तरे जमेस धरल्यावाचून मार्गाचे खरे मोल कळत नाही.