दृष्टीआडची सृष्टी
हिंगोटांच्या लढाईपुरताच आठवला जाणारा आमचा गौतमपुरा! येथील अंध तरुणही घरबसल्या संगणकाची आज्ञावली लिहू शकेल. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' ही मोफत प्रणाली ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झाली. अडते ते पुढेच. बटणे, चौकटी मांडावयाच्या कित्येक साधनांत सारे माउसने ओढावयाचे व नजरेने जुळवावयाचे. तेथे ती वाणी मुकी होते. वस्तुतः बटणाची जागा म्हणजे डावीकडून व वरून मोजलेले दोन आकडे! ते कळफलकावरून देता यावेत, चौकट चौकटीवर चढल्यास ते बोलून कळावे, एवढेच माझे मागणे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता मान्य केली. मग ती कारागिराच्या हत्यारापर्यंत पोहोचावयास नको काय?