खंडाची वही

दिवाळीत आपण वह्यांची पूजा करतो ती कोऱ्या वह्यांची. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुकानदार नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, ‘श्री’ लिहितो, दोन फुले वाहतो. गेल्या वर्षीच्या वहीला कोणी फूल वाहत नाही. ती माळ्यावर जाते आणि माळ्यावरून यथावकाश रद्दीत. हिशेब चुकता झाला की वहीचे काम संपले, असे आपण धरूनच चालतो. आज ज्या वह्यांविषयी लिहायचे आहे त्यांचे खरे काम मात्र हिशेब मिटल्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी सुरू झाले. या वह्या आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यातल्या आहेत. स्ट्रोक्सटाउन या गावी मॅहन घराण्याचा जो भला थोरला वाडा आहे, त्या वाड्यातल्या.

हे घराणे तिथे सतराव्या शतकापासून नांदत होते. वाडा ऐसपैस. स्वयंपाकघराला वरून सज्जा काढलेला. दर सोमवारी सकाळी बाईसाहेब त्या सज्जात येत आणि आठवड्याच्या जेवणाची यादी खाली स्वयंपाकिणीकडे टाकत, असे सांगतात. (आपल्याकडच्या गृहिणींनी हेवा करू नये, त्या यादीतला पदार्थ बिघडला तर खाली उतरून तो सुधारण्याचे सुख त्यांना नव्हते.) पुढे जमिनी गेल्या, पैसा आटला, आणि १९७९ साली घराण्यातल्या शेवटच्या बाईंनी तो वाडा विकला. घेणारे होते गावातलेच जिम कॅलरी. त्यांचा शेजारीच मोटारींचा धंदा होता आणि तो वाढवायला त्यांना काही एकर जागा हवी होती. जागेबरोबर वाडा आला आणि वाड्याबरोबर कागद आले. एकदोन पेट्या नव्हेत, पन्नास हजारांहून अधिक कागद! वाडा घेणारा दुसरा कोणी असता तर एखाद्या थंडीत ते शेकोटीला उपयोगी पडले असते.

जमीनदाराच्या दफ्तरात काय काय असते? नकाशे, करारपत्रे, मजुरीच्या वह्या, वकिलांची पत्रे, जमीन सोडण्याच्या नोटिशी. पण या सगळ्यांत मुख्य वही ती खंडाची. गावाचे नाव, कुळाचे नाव, क्षेत्र, वर्षाचा खंड, मागील बाकी, वसूल, येणे, आणि कडेला कारभाऱ्याच्या शेऱ्याला थोडी जागा. दिसायला अगदी रूक्ष. पण त्यातले एकेक कलम उलगडू लागले म्हणजे मौज वाटते. तिकडे जमिनीचा पट्टा वर्षांच्या मुदतीने जसा देत तसा ‘तीन जीवांच्या’ मुदतीनेही देत. म्हणजे करारात तीन माणसांची नावे घालायची आणि त्यांतला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत जमीन कुळाकडे. मग धूर्त कुळे आपल्या पोराबाळांबरोबर राजघराण्यातल्या एखाद्या राजपुत्राचेही नाव घालीत. हेतू दुहेरी असे. राजपुत्र सहसा उपाशी मरत नाही, आणि मेलाच तर ती बातमी लपत नाही.

दुसरे कलम ‘गेल’चे. गेल म्हणजे खंडाचा सहामाही हप्ता. नवे कूळ जमिनीवर आले की पहिला हप्ता लगेच मागायचा नाही, सहा महिने मागे राहू द्यायचा, अशी तिकडे चाल होती. ऐकायला मोठी उदार वाटते. पण तो हप्ता कायमचाच मागे लोंबत राही, आणि त्यामुळे नियमित खंड भरणारे कूळसुद्धा वहीत सदैव सहा महिन्यांचे देणेदार दिसे. जमीनदाराच्या मनात आले की त्या बाकीवर बोट ठेवून त्याला बाहेर काढता येई.

आपल्या मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश आणि ‘कूळ’ म्हणजे खंडाने जमीन कसणाराही. एकच शब्द. वर्गात हा शब्द शिकवताना मुले हसतात. पण आयर्लंडमध्ये हे दोन अर्थ खरोखरच एकमेकांना येऊन मिळाले आहेत. ३० जून १९२२ रोजी, तिथल्या यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ इमारतीतले सरकारी दफ्तरखाने स्फोटात आणि आगीत भस्म झाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांची बहुतेक सारी पाने तिथे जळाली. त्यानंतरच्या चार खानेसुमाऱ्यांचे कागद तर सरकारने स्वतःच्या हातानेच नष्ट केले होते. त्यामुळे आज अमेरिकेतला किंवा कॅनडातला एखादा आयरिश वंशाचा माणूस आपले कूळ शोधू लागला की त्याला पुष्कळदा कुळांच्याच वहीकडे वळावे लागते. ज्याने आपल्या पूर्वजाला जमिनीवरून हाकलले, त्याच्याच कारकुनाच्या अक्षरात पूर्वजाचे नाव शोधायचे!

आणि तेही सापडेलच असे नाही. वहीत नाव यायलासुद्धा थोडी ऐपत लागे. जमीनदाराकडून मोठा तुकडा घेणारा मधला पट्टेदार, त्याच्याकडून लहान तुकडा घेणारा दुसरा, आणि त्याच्याकडून एका पिकापुरता, अकरा महिन्यांसाठी, बटाट्याचे चार वाफे घेणारा तिसरा. वहीत नाव येई पहिल्याचे, फार तर दुसऱ्याचे. बाईचे नाव येई ते बहुधा नवरा मेल्यावर. मग त्या तिसऱ्या माणसाचे नाव कुठे सापडते? त्यासाठी १८४५ नंतरचे कागद पाहावे लागतात.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत बटाट्यावर करपा पडला. शेतातले हिरवे पीक बघता बघता काळे पडून सडू लागले. १८४६ मध्ये तर जवळजवळ सगळेच पीक बुडाले. बटाट्यावाचून ज्यांच्या पोटात दुसरे काही जातच नव्हते अशा लाखो माणसांवर ही पाळी आली. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या एक्क्याऐंशी लाखांच्या वर होती, ती १८५१ मध्ये पासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले आणि तितकेच देशांतराला गेले. (या दुष्काळासाठी कलकत्त्याहून आणि आपल्या मुंबईहूनही वर्गणी गेली होती. कंपनी सरकारच्या पलटणींत आयरिश शिपाई भरपूर होते, हे त्याचे एक कारण.)

स्ट्रोक्सटाउनची परिस्थिती त्याआधीच बिकट होती. मूळ मालक लॉर्ड हार्टलंड याला १८३६ मध्ये वेडा ठरवले गेले, नातेवाइकांत दावे लागले, कारभार कोर्टाच्या हाती गेला, खंड तुंबला. १८४५ च्या अखेरीस हार्टलंड वारला आणि मेजर डेनिस मॅहन या नातलगाकडे ती इस्टेट आली. वारशात मिळाले काय, तर दहा हजारांहून अधिक माणसे, कर्ज आणि काही वर्षांची थकबाकी. त्याने कारभार सोपवला डब्लिनच्या ‘गिनेस अँड मॅहन’ या पेढीतल्या जॉन रॉस मॅहनकडे. गिनेस म्हणजे त्या प्रसिद्ध मद्यवाल्यांच्याच घराण्यातला एक.

ऑगस्ट १८४६ मधला एक अर्ज या दफ्तरात आहे. जिम कॅलरींच्या हाती जे कागद आले त्यांतला हाच त्यांच्या मनात रुतून बसला. क्लूनाही या वाडीच्या लोकांनी तो जमीनदाराला केला आहे. मागणे भिकेचे नाही, कामाचे आहे. आमची मुले आमच्यादेखत अन्नासाठी रडत आहेत आणि ते रडणे आम्हांला फार दिवस ऐकवणार नाही, असे ते लिहितात. देवाच्या किंवा राज्याच्या कायद्याविरुद्ध वागण्याचा आमचा विचार नाही; भुकेने भाग पाडले तर गोष्ट वेगळी, असेही नम्रपणे सुचवतात. अर्ज नीट मायन्याचा, अदबीचा. अदबीने धमकी कशी द्यावी याचा इतका दुःखी नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

कारभाऱ्याने उत्तर दिले ते त्रैराशिकाने. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे गरिबांच्या पोषणासाठी कर बसे, आणि ज्या कुळाच्या जमिनीची आकारणी चार पौंडांपेक्षा जास्त नाही त्याचा सगळा कर जमीनदारालाच भरावा लागे. म्हणजे कूळ जितके गरीब तितका त्याचा बोजा मालकावर जास्त. जॉन रॉस मॅहनने हिशेब मांडला: एवढी माणसे सरकारी गरीबगृहात वर्षभर पोसायची तर खर्च इतका, तीच जहाजात बसवून कॅनडाला पाठवायची तर खर्च त्याच्या सुमारे निम्मा. शिवाय गरीबगृहाचा खर्च दर वर्षीचा, जहाजाचा एकदाच, आणि जमीन मोकळी होते ती वेगळीच. बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नाही. परीक्षक म्हणून मला त्या उत्तराला पूर्ण गुण द्यावे लागतील, आणि ते देताना हात थरथरेल. भर म्हणून जून १८४७ मध्ये नवा कायदा आला: ज्याच्याजवळ पाव एकराहून अधिक जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही. जमीन सोड, मग पेज मिळेल.

मे १८४७ मध्ये स्ट्रोक्सटाउनची १,४९० माणसे निघाली. त्यांची यादी दफ्तरात आहे. ज्यांची नावे एरवी कोणी लिहिली नसती अशा म्हाताऱ्यांची, तान्ह्या पोरांची नावे या यादीमुळे कागदावर आली. शाही कालव्याच्या काठाकाठाने सुमारे १६५ किलोमीटर चालत ती डब्लिनला गेली. वाटेतून कोणी परत फिरू नये म्हणून जमीनदाराचा माणूस बरोबर होता. तिथून लिव्हरपूल, आणि लिव्हरपूलहून चार जहाजांत भरून कॅनडा. त्यांतल्या ‘व्हर्जिनियस’वर ४७६ उतारू होते. जहाज क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल बेटाला लागले तेव्हा त्यांतले १५८ वाटेतच तापाने मेले होते आणि उरलेल्यांतही धडधाकट म्हणावेत असे फार थोडे होते. १,४९० पैकी जवळजवळ निम्मी माणसे पहिल्या काही महिन्यांतच गेली असावीत, असा अंदाज आहे.

२ नोव्हेंबर १८४७ च्या संध्याकाळी मेजर मॅहन गरीबगृहाच्या पंचांची सभा आटोपून परत येत असताना वाटेत त्याला गोळी घालून मारले. लंडनला पार्लमेंटात गलका उठला. गावच्या धर्मगुरूनेच लोकांना चिथावले असा आरोप झाला. तेव्हा तिथले बिशप ब्राउन यांनी उत्तर म्हणून भाषण ठोकले नाही. त्यांनीही एक यादी केली. मॅहनच्या जमिनीवरून काढलेल्या कुटुंबांची नावे, वाडीवार. एकूण ३,००६ माणसे. ती त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणली. कारभाऱ्याच्याच भाषेत, रकाने पाडून, कारभाऱ्याला दिलेले हे उत्तर. मेजर वाईट होता की नुसता अडचणीत सापडलेला होता, यावर अजूनही वाद घालतात. तिकिटाचे पैसे त्याने दिले, इतर कित्येक जमीनदारांनी तेही दिले नाहीत, असे त्याचे कैवारी म्हणतात. तेही खरे आहे. खुनासाठी पुढे माणसे फासावर गेली आणि जॉन रॉस मॅहन खंड वसूल करीत राहिला.

कॅलरींनी मोटारींसाठी घेतलेल्या त्या वाड्यात १९९४ साली दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन आल्या होत्या. कालव्याकाठच्या त्या वाटेवर आता पायी फिरणाऱ्यांसाठी मार्ग आखला आहे आणि जागोजागी लहान मुलांच्या जोड्यांच्या कांस्यप्रतिमा बसवल्या आहेत.

त्या १,४९० जणांत डॅनियल टाय नावाचा बारा वर्षांचा एक मुलगा होता. आई, भावंडे, मामा असे सगळे मिळून निघाले. ग्रोस ईलच्या पलीकडे जिवंत पोचली ती दोघेच, तो आणि त्याची धाकटी बहीण कॅथरिन. एका निपुत्रिक फ्रेंच शेतकरी जोडप्याने दोघांना घरी नेले, वाढवले, आणि त्यांचे आडनाव मात्र बदलले नाही. पुढे त्या जोडप्याची जमीन डॅनियलला मिळाली. २०१३ साली त्याचा पणतू क्वेबेकहून स्ट्रोक्सटाउनला आला. त्याची भाषा फ्रेंच होती.