गवंडाळी क्रोएशियनांनी वसवली?

जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुवे खाडीच्या काठी असलेले गवंडाळी हे तिसवाडीतले छोटेसे गाव क्रोएशियाच्या दर्यावर्दींनी वसवले, असे गेली पंचवीसेक वर्षे ठासून सांगितले जाते. कथा अशी : डुब्रोव्हनिकच्या, म्हणजे तेव्हाच्या रागूसा प्रजासत्ताकाच्या, व्यापाऱ्यांनी १५३० ते १५७० या काळात इथे वसाहत केली, ती बारा हजार वस्तीपर्यंत फुगली आणि १५६३ मध्ये त्यांनी आपल्या नगराचा रक्षक संत ब्लेझ याचे चर्च उभारले, तेही मायदेशातल्या चर्चची हुबेहूब प्रतिकृती म्हणून. कथा देखणी आहे आणि दोन देशांच्या मैत्रीच्या भाषणांत शोभूनही दिसते. पण हात लावला की तिचे एकेक टाके उसवतात.

प्रतिकृतीचेच घ्या. डुब्रोव्हनिकमध्ये आज दिसणारे संत ब्लेझचे चर्च मारिनो ग्रोपेल्ली या व्हेनिसच्या वास्तुकाराने १७०६ ते १७१५ दरम्यान बांधले. आधीचे चर्च १६६७ च्या भूकंपात खिळखिळे झाले आणि १७०६ च्या आगीत गेले. दीडशे वर्षांनंतरच्या इमारतीची नक्कल १५६३ मध्ये कोण करणार? वस्तीच्या आकड्याची गतही तीच. सोळाव्या शतकात खुद्द डुब्रोव्हनिकच्या तटाआत सहा-सात हजार माणसे राहत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट रागूसी लोक एका खाडीकाठी नांदत होते, हे पटायला श्रद्धाच हवी. शिवाय ‘वसवले’ म्हणताना आधीच्या माणसांना पुसून टाकले जाते. तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या जुन्या वहिवाटी पोर्तुगीजांनीच १५२६ च्या सनदेत नोंदवून घेतल्या. तिसवाडीचे बेट काही ओसाड नव्हते.

यावर हमखास विचारले जाते, मग संत ब्लेझच का? कारण तो पोर्तुगीजांचाही लाडका संत. आल्गार्वमध्ये त्याच्या नावाचे सां ब्राझ द आल्पोर्तेल हे गाव आहे, एव्होरात त्याचे पंधराव्या शतकातले देऊळ आहे. दुसरा बचाव असा, की रोगराईने वसाहत नामशेष झाली, म्हणून खुणा उरल्या नाहीत. रोगराईने जुने गोवेही ओस पडले. त्याच्या खुणा मात्र पावलोपावली आहेत. पुराव्याचा अभाव हाच पुरावा मानला, तर कोणतेही गाव कोणाच्याही नावावर चढवता येईल.

म्हणून सगळे झूट म्हणावे, असे मात्र नाही. खाडीपलीकडे आदिलशाही मुलूख पसरलेला, त्यामुळे इथला उतार पोर्तुगीजांना राखावा लागे. संत ब्लेझच्याच नावाचा किल्ला त्यासाठीच होता. १५७०-७१ मध्ये अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, तेव्हा अशा उतारांवरच सारी भिस्त होती. पोर्तुगीजांच्या चाकरीत नाना देशांचे खलाशी आणि गोलंदाज असत. त्यांत काही रागूसी असणे, त्यांनी इथे मुक्काम करणे, चर्चला देणगी देणे सहज शक्य आहे. मी एवढेच मानतो, आणि ते कमी नाही. याहून मोठा दावा करणाऱ्यांनी डुब्रोव्हनिकच्या समृद्ध दप्तरखान्यातून या वसाहतीचा उल्लेख असलेले एखादे मृत्युपत्र काढावे, किंवा गवंडाळीत सोळाव्या शतकातली अशी मूर्ती दाखवावी, जिच्या हाती डुब्रोव्हनिकमधल्या संताप्रमाणे त्या नगराची छोटी प्रतिकृती आहे. नुसत्या मेणबत्त्या किंवा लोकर विंचरायची फणी चालणार नाही. त्या तर कुठल्याही संत ब्लेझच्या हातात असतात.