टँकर किती येतात?

वाघोलीतला टू बीएचके. सॅम्पल फ्लॅट एकदम झक्कास, बाल्कनीत मस्त वारा. आई तर तुळशीची जागा ठरवून मोकळी! कार्पेट एरिया सेल्सवाल्याने न विचारताच सांगितला (२०१७ पासूनची महारेराची कृपा). पाण्याचं विचारलं, तर म्हणाला, ‘मॅडम, गाव २०२१ मध्येच महापालिकेत गेलंय.’ म्हणजे नळाला पाणी आलंय? त्यावर नुसतंच हसू.

मग शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना गाठलं. ‘उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा टँकर, ताई.’ मेन्टेनन्सचा आकडा आत्ता कळला! मंडळी, फ्लॅट बघायला रविवारी जाऊच नका. सोमवारी सकाळी नऊला नगर रोडवर स्कूटी काढून बघा. मी उद्या काढणारेय. फ्रीलान्सरला होमलोन सहजासहजी मिळत नाही. टोकनचा चेक अजून पर्समध्येच आहे, आईला सांगितलेलं नाही.