माळ्यावरील तबकड्या

पिंगळीचा वाडा असो वा परभणीचें बिऱ्हाड, माळा उतरविण्याची वेळ आली म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो: जुन्या ध्वनिमुद्रिकांचें काय करावें? वडील मंडळींस बालगंधर्वांची पदें प्रिय, तर पुतण्यास 'डीप पर्पल' नि 'लेड झेपेलिन' यांच्या हार्ड रॉकचें वेड. एकाचा ठेवा दुसऱ्यास अडगळ वाटते, आणि या ओढाताणींत सर्वच तबकड्या भंगारवाल्याच्या पोत्यांत जातात.

वस्तुतः या दोन्ही संगीतांचा संबंध आपणांस वाटतो त्याहून निकट आहे. कलकत्त्याजवळील दमदमच्या ज्या कारखान्यांतून मराठी नाट्यपदांच्या मुद्रिका निघत, त्याच कारखान्यांतून पुढें इंग्लंडांतील रॉक मंडळ्यांच्याही निघाल्या. 'लेड झेपेलिन'चे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनीं तर 1972 सालीं मुंबईस येऊन भारतीय वादकांच्या साथीनें आपलीं दोन गीतें मुद्रित केलीं. तीं अधिकृतपणें प्रसिद्ध व्हावयास 2015 साल उजाडलें.

संग्राहक पहिल्या छापाचा शोध घेतो, तो केवळ हौसेखातर नव्हे. तबकड्या काढतां काढतां सांचा झिजतो, मूळ फीतही कालांतरानें बिघडते. म्हणून आरंभींच्या छापांत नाद पुष्कळदां अधिक स्वच्छ असतो. लेबलाभोंवतींच्या गुळगुळीत कड्यावर सांकेतिक आंकडा असतो, त्यावरून छाप ओळखण्यास मदत होते. मात्र ओरखडे पडलेल्या पहिल्या छापापेक्षां निर्मळ राहिलेला दुसरा छाप केव्हांही बरा.

जतन करतांना जात पाहावी. मिनिटास 78 फेरे घेणारी जुनी तबकडी बहुधा लाखेची असते. ती पडतांच फुटते, आणि स्पिरिटनें पुसल्यास लाख विरघळून कायमची बिघडते. अमेरिकेंत 1948 सालीं निघालेली 33 फेऱ्यांची लांब तबकडी विनाइलची. ती फुटत नाहीं, पण उष्णतेनें वांकते. परभणीकडे उन्हाळ्यांत पारा 42 अंशांवर चढतो, तेव्हां पत्र्याखालचा माळा तिला घातकच. दोन्ही जातींच्या तबकड्या पुस्तकांप्रमाणें उभ्या, सावलींतील कपाटांत ठेवाव्या. जुन्या फोनोची पोलादी सुई लांब तबकडीस कधींही लावूं नये.

तेव्हां यंदा ऊन तापण्यापूर्वीं काकांनीं व पुतण्यानें मिळून माळा उतरवावा. एकानें लेबलावरील नांव वाचावें, दुसऱ्यानें आंकडा वहींत टिपावा. कोणती तबकडी ठेवावी नि कोणती द्यावी, याचा निर्णय ती वही पुरी झाल्यावर करावा. भंगारवाला दारांत उभा असतांना करूं नये.